पैनगंगा अभयारण्य : तीर्थक्षेत्राचे हरित वैभव

माहूर हे महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक होय. श्री रेणुकामाता, श्री दत्तशिखर व अनसूयामाता या स्थानांच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांची दृष्टी गडावरून सभोवतालच्या वनराईकडे सहज वळते. याच वनपट्ट्यात पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पैनगंगा अभयारण्य वसले आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ३२५ चौरस किलोमीटर असून ते नांदेड व यवतमाळ या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे.

नदी व वन

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. ईसापूर धरण ओलांडून ती इस्लापूरनजीक सहस्रकुंड येथे कड्यावरून कोसळते आणि पुढे अरण्यातून वळणे घेत माहूरजवळ येते. तिचे पाणी वर्धा व प्राणहिता या नद्यांच्या मार्गाने अखेर गोदावरीस मिळते.

येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे असून त्यात सागाचे प्राबल्य आहे. त्याच्या जोडीस ऐन, धावडा, मोह, तेंदू, पळस व बांबू आढळतात. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात, ती पाणी वाचविण्यासाठीच. या पानांचा थर पावसाचा मारा झेलतो, मातीची धूप रोखतो व पाणी जमिनीत मुरवितो. जंगल विरळ झाल्यास पावसाळ्यात पूर व गाळ वाढतो आणि उन्हाळ्यात ओढे लवकर आटतात.

वन्यजीव व वनवासी

बिबट्या, अस्वल, चितळ, नीलगाय, रानडुक्कर इत्यादी प्राण्यांचा येथे अधिवास आहे. हा वनपट्टा वन्यप्राण्यांच्या स्थलांतराचा मार्गही आहे. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असे जिल्हे पार करीत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील पट्ट्यामुळे त्याच्या प्रवासाची नोंद झाली. तेव्हा त्याने सुमारे १३०० किलोमीटर अंतर कापले होते. सलग जंगल तुटले तर असे मार्ग खुंटतात आणि वन्यप्राणी व मनुष्य यांचा संघर्ष वाढतो.

गोंड, कोलाम, आंध व बंजारा समाजांची वस्ती या परिसरात आहे. मोहफुले व तेंदूपाने यांवर अनेक कुटुंबांची मिळकत अवलंबून असते. त्यामुळे वनाचे रक्षण करताना या कुटुंबांच्या उपजीविकेचाही विचार होणे आवश्यक ठरते.

वणव्याचा धोका

फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत वाळलेला पाचोळा क्षणात पेट घेतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखाली लावलेली आग किंवा विझविल्याविना टाकलेली विडी वणव्यास कारणीभूत ठरू शकते. वणव्यात कोवळी रोपे, पक्ष्यांची अंडी व जमिनीतील बी जळून जाते. मोठे वृक्ष वाचले तरी पुढची पिढी नष्ट होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात आग लावणे अथवा पेटती ठेवणे हा गुन्हा आहे.

भाविकांस विनंती

१. घाटरस्त्यावर अथवा वनात चूल पेटवू नये. विडी-सिगारेट ओढू नये.
२. प्लास्टिक पिशव्या, पाण्याच्या बाटल्या व निर्माल्य नदीत टाकू नये.
३. माकडांना खाद्यपदार्थ देऊ नयेत. त्यामुळे ती धीट होऊन यात्रेकरूंवर झडप घालतात.
४. अभयारण्यात जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी.
५. वृक्षारोपणासाठी देणगी देणाऱ्या दात्यांनी लावलेली रोपे जगविण्यासाठी किमान तीन उन्हाळे पाणी देण्याच्या खर्चाचाही विचार करावा.

रेणुका, परशुराम व अनसूया यांच्या कथा अरण्यातील आश्रमांतच घडल्या. तेव्हा या वनाचे रक्षण हीदेखील क्षेत्राची सेवाच होय.