जुन्या घराला स्मार्ट स्विच

प्रश्न : मालगुंडच्या आमच्या जुन्या घरातला ओटीवरचा दिवा मुंबईहून लावता येईल का? पावसाळ्यात तिथलं इंटरनेट सारखं जातं.

उत्तर : येईल. पण आधी वायरमनला बोर्ड उघडायला सांगा. जुन्या वायरिंगमध्ये बोर्डात बहुधा फेजच येते, न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जाते. बहुतेक स्मार्ट स्विचना मात्र दोन्ही लागतात. न्यूट्रल नसेल तर नवी वायर ओढाच. न्यूट्रलविना चालणारे स्विच मिळतात, पण त्यांच्यातून वाहणाऱ्या बारीक करंटमुळे छोटे एलईडी बंद असतानाही मिणमिणतात.

इंटरनेट जातं, म्हणून झिग्बी या बिनतारी पद्धतीचा स्विच आणि त्याला हुकूम देणारा, घरातच चालणारा हब घ्या, उदाहरणार्थ 'होम असिस्टंट' प्रणालीवरचा. सूर्यास्ताला दिवा लावण्याची सूचना हबमध्येच साठते, इंटरनेट नसलं तरी पाळली जाते. मुंबईहून हुकूम द्यायला मात्र ते हवंच.

खाऱ्या वाऱ्याने जोड गंजतात, म्हणून स्मार्ट स्विच माजघरातल्या बोर्डात बसवा.