झुरळांसाठी आमिष : आकर्षक द्रव्ये व भक्षणोत्तेजके

झुरळ ही उभ्या पिकावरील कीड नव्हे. त्यामुळे शेतकऱ्यांचे तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. परंतु धान्य घरात येऊन पडल्यावर, दूध काढून ठेविल्यावर व कोंबड्यांचे खाद्य पोत्यांत भरल्यावर जी नासाडी होते तीत झुरळांचा वाटा असतो. गटार, शौचकूप व उकिरडा यांतून फिरलेले झुरळ रात्री दुधाच्या किटलीवर आणि भाकरीच्या टोपलीवर येते. हगवण व अन्नविषबाधा यांना कारणीभूत होणारे साल्मोनेलासारखे जंतू ते आपल्या पायांवरून व विष्ठेतून पसरविते. त्याची विष्ठा व टाकलेली कात यांची धूळ श्वासावाटे गेल्याने दमा असलेल्या मुलांचा त्रास वाढतो.

झुरळे दिसताच औषधाचा फवारा मारणे हा रूढ उपाय होय. परंतु दिवसा बहुतेक झुरळे फटींत दडलेली असतात. फवारा लागतो तो बाहेर आलेल्या थोड्यांनाच. शिवाय दुभत्या जनावरांच्या गोठ्यात व स्वयंपाकघरात वरचेवर फवारणी करणे इष्ट नाही. फवाऱ्याच्या औषधांना झुरळे दाद देईनाशी होतात, असाही अनुभव आहे. क्लोरडेन या औषधास न जुमानणारी झुरळे अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या आरंभीच आढळली होती. या अडचणींतून आमिषाची पद्धत पुढे आली. विष झुरळापर्यंत नेण्याऐवजी झुरळासच विषापर्यंत आणावयाचे, हे तिचे तत्त्व होय.

दोन मुख्य जाती

आमिष ठेवण्यापूर्वी झुरळाची जात ओळखणे अवश्य आहे. स्वयंपाकघरात, कपाटांच्या सांध्यांत व उबदार जागी आढळणारे लहान, फिकट तपकिरी झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. त्याची लांबी १२ ते १५ मिलिमीटर असून मानेमागील ढालीवर दोन काळे उभे पट्टे असतात. मादी ३० ते ४० अंड्यांची पिशवी, अंडी फुटण्याच्या सुमारापर्यंत, आपल्या शरीराशी वागविते. नाव जर्मन असले तरी ही जात मूळची त्या देशातील नव्हे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानुसार सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमार या भागात एका आशियाई रानझुरळापासून ती निर्माण झाली.

दुसरी जात म्हणजे ३५ ते ४० मिलिमीटर लांबीचे, तांबूस रंगाचे अमेरिकन झुरळ. ते गटारे, मोऱ्या, शोषखड्डे व ओलसर कोठ्या यांत राहते. याची मादी सुमारे १५ अंड्यांची पिशवी थोड्याच काळात आडोशाच्या जागी चिकटवून टाकते. पहिल्या जातीसाठी आमिष घरातील फटींत, तर दुसरीसाठी मोऱ्यांच्या व गटारांच्या वाटेवर ठेवावे लागते.

वास आणि चव यांतील भेद

आमिषात केवळ विष व खाद्य असून भागत नाही. झुरळाने आमिषाकडे यावे यासाठी एक गुण लागतो, आणि आल्यावर ते पोटभर खावे यासाठी दुसरा. पहिले कार्य करणाऱ्या पदार्थास आकर्षक द्रव्य व दुसरे करणाऱ्यास भक्षणोत्तेजक म्हणतात.

झुरळाच्या लांब मिशा ही त्याची घ्राणेंद्रिये होत. हवेत उडून जाणाऱ्या द्रव्याचा वास त्यांस लागला की झुरळ त्या दिशेने वळते. आंबलेले पीठ, पिकलेले केळे, भाजलेले शेंगदाणे व बीअर यांचे वास त्यास विशेष आवडतात. जवळ पोहोचल्यावर मात्र निर्णय चवीवर होतो. तोंडाजवळील स्पर्शकांवर व मुखावयवांवर सूक्ष्म केस असतात. त्यांस पदार्थाचा स्पर्श होताच तो गोड की कडू हे झुरळास कळते. गोड लागल्यास ते खाते, कडू लागल्यास मागे सरते. म्हणून वास उत्तम परंतु चव वाईट असलेले आमिष तसेच पडून राहते, आणि चव उत्तम परंतु वास मंद असलेले आमिष दूर ठेविल्यास झुरळास सापडतच नाही.

संशोधनाची वाटचाल

या दोन गुणांचा पद्धतशीर अभ्यास जपानमध्ये त्सुजी यांनी केला. जर्मन व अमेरिकन झुरळांसह तीन जातींवर भाताच्या कोंड्यातील घटकांचा व निरनिराळ्या शर्करांचा काय परिणाम होतो, हे त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. १९६६ साली त्यांनी स्निग्धाम्लांसंबंधीचे निष्कर्ष मांडले. भातगिरणीतील ताजा कोंडा झुरळांस का प्रिय असतो, याचा उलगडा त्यातून होतो : कोंड्यात स्निग्धांश व शर्करा एकत्र असतात.

झुरळांच्या स्वतःच्या गंधांचाही अभ्यास झाला. जर्मन झुरळांच्या विष्ठेत इतर झुरळांस एकत्र जमविणारे द्रव्य असते, असे इशी व कुवाहारा यांनी १९६७ साली दाखविले. फटीच्या तोंडाशी दिसणारे काळे ठिपके म्हणजे हीच विष्ठा; झुरळांच्या वस्तीचा तो पत्ताच समजावा. त्यातील काही गंधाम्ले झुरळाच्या आतड्यातील जिवाणू तयार करतात, असे २०१५ साली आढळून आले.

नरास बोलाविणारे मादीचे गंधद्रव्य मिळविण्यास फार कष्ट पडले. अमेरिकन झुरळाच्या सुमारे ७५,००० माद्यांपासून नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांस पेरिप्लॅनोन-बी हे द्रव्य केवळ २०० मायक्रोग्रॅम मिळाले. त्याची रचना १९७६ साली सुचविण्यात आली आणि १९७९ साली अमेरिकेत स्टिल यांनी ते प्रयोगशाळेत बनवून ती निश्चित केली. जर्मन झुरळाच्या मादीचे ब्लॅटेलाक्विनोन हे गंधद्रव्य २००५ साली ओळखण्यात आले. तथापि मादीच्या गंधाने येतो तो पूर्ण वाढलेला नर. माद्या व पिले त्यास भुलत नाहीत, आणि पैदास तर माद्यांपासून होते. यास्तव अशी द्रव्ये सापळ्यात पाहणीसाठी उपयोगी असली तरी आमिषाचा मुख्य भार खाद्याच्या वासावर व चवीवरच राहतो.

गोडाची किळस

चवीचे महत्त्व फ्लोरिडातील एका अनुभवाने ठळकपणे पुढे आले. १९८० च्या दशकात अमेरिकेत आमिषाच्या डब्या प्रचारात आल्या. त्यांत भक्षणोत्तेजक म्हणून मक्याचा पाक असे व त्यात ग्लुकोज असते. काही वर्षांतच काही ठिकाणची जर्मन झुरळे आमिषास तोंड लावीनाशी झाली. त्यांवर विष चालत होते, परंतु ती विष खातच नव्हती. ती ग्लुकोज टाळतात व हा गुण पुढील पिढीत उतरतो, असे १९९३ साली प्रसिद्ध झाले. ग्लुकोज आवडणारी झुरळे आमिष खाऊन मेली व न आवडणारी मागे उरून वाढली, असा हा प्रकार होता.

याचे कारण २०१३ साली उलगडले. अशा झुरळांच्या मुखावयवांवरील कडू चव ओळखणाऱ्या चेतापेशी ग्लुकोजनेही उद्दीपित होतात. म्हणजे त्यांस ग्लुकोज कडू लागते. फ्रुक्टोज मात्र त्यांस गोडच लागते. २०२१ साली आणखी एक गोष्ट दिसून आली : माल्टोजसारख्या शर्करा झुरळाच्या लाळेने फुटून तोंडातच त्यांचे ग्लुकोज होते, आणि मग तीही नकोशी होतात.

यातून घ्यावयाचा बोध असा की, एकच आमिष वर्षानुवर्षे वापरू नये. झुरळे आमिषास शिवत नाहीत असे दिसल्यास विष वाढविण्याऐवजी आमिषाचे खाद्य बदलावे.

विष मंद असावे

चटकन मारणारे विष आमिषास योग्य नव्हे. दोन घासांतच झुरळ अस्वस्थ झाले तर ते पुरेसे खात नाही. मंद विष खाल्लेले झुरळ आपल्या वस्तीत परत जाते व तेथे मरते. फारशी बाहेर न पडणारी लहान पिले मोठ्या झुरळांची विष्ठा खातात. तीतून विष त्यांच्याही पोटात जाते. हायड्रामिथिलनॉन या विषाबाबत ही गोष्ट १९९१ साली सिद्ध झाली.

भारतात इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के व फिप्रोनिल ०.०५ टक्के या प्रमाणाची तयार जेल झुरळांसाठी मिळतात. ती नोंदणीकृत असल्याची खात्री करून वेष्टनावरील सूचनांप्रमाणेच वापरावीत.

बोरिक आम्ल हेही मंद विष आहे. कॅरमच्या फळीवर टाकण्याची बोरिक पावडर ती हीच. ते हवेत उडून जात नाही व कोरडे राहिल्यास दीर्घकाळ टिकते. अमेरिकेतील वराहपालनाच्या गोठ्यांत साखर व बोरिक आम्ल यांचे पाण्यातील द्रावण ठेविल्याने जर्मन झुरळांची संख्या पुष्कळ घटली, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. आमिष काढून घेताच संख्या पुन्हा वाढू लागली. यावरून काम मध्येच सोडू नये हे उघड होते.

घरगुती आमिष

(१) द्रव आमिष : एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर व १० ग्रॅम बोरिक आम्ल पूर्ण विरघळवावे. झाकणाच्या डबीत कापूस भिजवून ठेवावा व डबीच्या बाजूस झुरळ शिरेल एवढी छिद्रे पाडावीत. द्रावण आंबते, म्हणून ते काही दिवसांनी बदलावे. झुरळ अन्नावाचून महिनाभर तग धरते, पण पाण्यावाचून सुमारे दोन आठवडेच. यामुळे कोरड्या जागी हे आमिष विशेष लागू पडते.

(२) घट्ट आमिष : कणीक, पिठीसाखर व थोडे भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट यांत बोरिक आम्ल मिसळून किंचित पाण्याने मळावे. पुष्कळ घरी बोरिक आम्ल निम्म्याने घालण्याची चाल आहे. ती चुकीची होय. विषाचे प्रमाण वाढल्याने चव बिघडते व झुरळ दूर राहते. मिश्रण वाळून दगडासारखे झाल्यावर त्याचा वासही जातो, म्हणून ते ताजे असावे.

ठेवण्याची रीत

आमिषाचा वास फार लांब पोहोचत नाही. हात-दोन हात अंतरातील झुरळेच त्याकडे वळतात. म्हणून एका जागी मोठा गोळा ठेवण्यापेक्षा मसुराच्या दाण्याएवढे अनेक ठिपके निरनिराळ्या फटींत लावावेत. कपाटांचे बिजागऱ्यांकडील कोपरे, शेगडीच्या मागील भाग, पेंडीच्या कोठीच्या झाकणाचा सांधा, खाद्याच्या पोत्यांखालील फळ्या व दुधाच्या भांड्यांची मांडणी ही मुख्य स्थळे होत. रात्री विजेरी घेऊन पाहिल्यास झुरळांच्या वाटा कळतात.

आमिषाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दुसरे अन्न. सांडलेला कोंडा, भिजलेली पेंड व खरकटी भांडी उपलब्ध असता झुरळ आमिषाकडे कशास येईल? म्हणून सायंकाळी झाडलोट करावी, खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवावे व गळणारे नळ दुरुस्त करावेत. आमिषावर किंवा त्याच्या आसपास फवारणी कदापि करू नये. फवाऱ्याच्या वासाने व स्पर्शाने झुरळे दूर पळतात आणि आमिष वाया जाते.

खबरदारी

कणकेच्या गोळ्या दिसण्यात पेढ्यासारख्या असतात. लहान मूल ती गोळी तोंडात घालील, हे ध्यानी ठेवून आमिष नेहमी बंद डबीत, फटीत किंवा हात न पोहोचेल अशा जागी ठेवावे व डबीवर ‘विष’ असे ठळक लिहावे. गव्हाण, पाण्याचा हौद व कोंबड्यांची खाद्यभांडी यांजवळ ते ठेवू नये. मिश्रणासाठी वापरलेले भांडे स्वयंपाकास घेऊ नये. उरलेले द्रावण भाजीच्या वाफ्यात ओतू नये. बोरॉन अधिक झाल्यास रोपांस इजा होते. चुकून कोणी आमिष खाल्ल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता, वेष्टन बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

परिणामाची पाहणी

आमिष ठेवण्यापूर्वी व नंतर झुरळे मोजणे हाच खरा ताळा. काचेच्या बरणीच्या आतील काठास व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा, तळाशी केळ्याची फोड किंवा भिजविलेला पाव ठेवावा आणि बरणीला बाहेरून चढण्यासाठी कागद गुंडाळावा. रात्रभरात आत पडलेली झुरळे बाहेर पडू शकत नाहीत. ती मोजून तारखेसह टिपून ठेवावीत. दर आठवड्यास एकाच जागी अशी मोजणी केल्यास घट होते की नाही हे कळते. अंड्यांच्या पिशव्यांवर आमिषाचा परिणाम होत नाही व त्यांतून पुढे पिले निघतात. त्यामुळे मोठी झुरळे दिसेनाशी झाल्यानंतरही निदान दोन-तीन महिने आमिष चालू ठेवावे.

संख्या घटत नसेल तर क्रमाने चार गोष्टी तपासाव्यात : आमिष वस्तीजवळ आहे काय; दुसरे अन्न उघडे आहे काय; आमिष शिळे झाले आहे काय; आणि झुरळांस त्याची चव नकोशी झाली आहे काय. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच दुसऱ्या औषधाचा विचार करावा. शेजारच्या घरांतून व गोठ्यांतून झुरळे पुन्हा येतात, म्हणून वाडीतील सर्वांनी एकाच वेळी ही मोहीम घेतल्यास थोड्या खर्चात अधिक फळ मिळते.