ठिणगी बाहेर पडते, आत का पडत नाही?

पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. इथल्या मुलांना डिझेल इंजिन नवे नाही. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. पेट्रोलच्या मोटारीत किंवा दुचाकीत मात्र हवा आणि पेट्रोलच्या वाफेचे मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. ती पाडणारा बोटाएवढा भाग म्हणजे स्पार्क प्लग.

आमच्या घरी वडिलांच्या काळची, मुंबईत कुर्ल्याला बनलेली पद्मिनी आहे. मागच्या हिवाळ्यात मी घरीच तिचे प्लग काढून साफ केले आणि परत बसवले. गाडी सुरू झाली, पण ‘मिसिंग’ करू लागली. चार सिलिंडरांपैकी तिसरा काम करत नव्हता. ओळखीच्या मिस्त्रींनी तो प्लग काढला, इंजिनाच्या धातूला टेकवून पाहिला. निळी ठिणगी पडली! मी म्हणालो, “म्हणजे प्लग चांगला आहे.” ते हसले. त्यांनी इंजिन थंड होऊ दिले आणि दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचे प्लग आपसात बदलले. आता तिसरा चालू लागला आणि दुसरा बंद पडला. दोष प्लगबरोबर सरकला, म्हणजे दोष प्लगचाच.

मग बाहेर ठिणगी कशी पडली? साध्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला सुमारे ३,००० व्होल्ट विभवांतर लागते. प्लगच्या टोकांतली फट तर मिलिमीटरहूनही कमी असते. पण सिलिंडरमध्ये मिश्रण मूळ आकारमानाच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतके दाबलेले असते. रेणूंची दाटी होते. इलेक्ट्रॉन पुरेसा वेग घेण्याआधीच कुठल्यातरी रेणूवर आदळतो. त्यामुळे तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त विभवांतर लागते.

भिंगातून पाहिल्यावर प्लगच्या पांढऱ्या नळीवर, रबरी टोपीखाली, केसासारखी काळी रेघ दिसली. ही नळी ॲल्युमिनियम ऑक्साइडची, विद्युत्‌रोधक असते. माझा प्लगपाना तिरका बसला होता. त्या जोराने तिला तडा गेला. तड्यातली हवा साध्या दाबाची. विजेला आतल्या दाबलेल्या मिश्रणापेक्षा तड्याची वाट सोपी! बाहेर तपासताना मात्र टोकांतली फटच सोपी होती, म्हणून ठिणगी तिथे पडली. आमची परीक्षा खोटी नव्हती. प्रश्नच चुकीचा विचारला होता.

प्लगचे टोकही बरेच काही सांगते. ते फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबला आहे का, ते पाहावे. काजळी म्हणजे कार्बन. तो वीज वाहून नेतो आणि ठिणगी दुबळी होते. टोक तेलकट काळे असेल तर झिजलेल्या रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल वर येत असावे. पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे अति उष्णता. मिश्रणात पेट्रोल कमी असेल, ठिणगी वेळेआधी पडत असेल, किंवा प्लग सैल असेल. टोकाची उष्णता प्लगच्या धातूतून इंजिनात जाते. प्लग सैल असला की ही वाट अडते. अशा वेळी नुसता नवा प्लग घातला तर तोही तसाच खराब होईल.

करून पाहा: गॅरेजमधून टाकून दिलेले चार-पाच प्लग मागून आणा. भिंगातून पाहून प्रत्येकाचा रंग, फट आणि नळीवरची रेघ वहीत नोंदवा. कारणाचा अंदाज करा आणि मिस्त्रींना विचारून पडताळा. चालू इंजिनाच्या प्लगला किंवा तारेला मात्र हात लावू नका. तिथे दहा हजारांहून जास्त व्होल्ट असतात. जवळ पेट्रोलची वाफ असेल तर ठिणगीने आग लागते. प्लग काढणे मोठ्यांचे काम, तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. बसवताना आधी बोटांनी सरळ फिरवावा, नाहीतर आटे खराब होतात, पाना शेवटी.

मी नवा प्लग आणला, पाना सरळ धरून बसवला. मिसिंग थांबले. तडा गेलेला प्लग माझ्या टेबलावर आहे. एखादा प्रयोग फसला की मी तो हातात घेतो आणि स्वतःला विचारतो: एका वेळी एकच गोष्ट बदलली होती का? आणि जिथे दोष दिसला, त्याच परिस्थितीत तपासले होते का?