साचलेले व्याज : ताळेबंदातील एक ओळ कशी वाचावी

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलची भांडी बनविणारे गाळे ओळीने दिसतात. कर्ज काढून गाळा घ्यावा, तो भाड्याने द्यावा आणि भाड्यातून कर्ज फेडावे, हा व्यवहार आपल्या व्यापारी वाचकांना नवा नाही. हाच व्यवहार शेकडो गोदामे व कारखान्यांच्या इमारती घेऊन करणाऱ्या संस्था म्हणजे औद्योगिक मालमत्तेचे ट्रस्ट. अमेरिकेतील प्रोलॉजिस हा त्यांतला मोठा. आपल्याकडे 'सेबी'ने अशा स्थावर मालमत्ता ट्रस्टसाठी, म्हणजे 'रीट'साठी, २०१४ साली नियम केले. वाटपायोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम गुंतवणूकदारांना वाटावी, असे त्यात बंधन आहे. म्हणूनच हातातली रोकड खरोखर आपली किती, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

व्याज रोज चढते, पण द्यायचे असते ठरल्या तारखेला. चढलेले पण अजून न दिलेले व्याज ताळेबंदात देणे म्हणून दाखवावे लागते. आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका गाळ्यावर २४ लाखांचे कर्ज आहे, दर वर्षाला १० टक्के. महिन्याचे व्याज २०,००० रुपये, ते पुढच्या महिन्याच्या १० तारखेस द्यायचे. ३१ मार्च २०२४ रोजी फक्त मार्चचे २०,००० देणे होते. पुढच्या वर्षाचे व्याज झाले २,४०,०००. प्रत्यक्षात दिले २,००,०००. आता हिशेब असा :

२०,००० + २,४०,००० − २,००,००० = ६०,०००

म्हणजे देणे वर्षभरात ४०,००० ने वाढले आणि तेवढीच रोकड पेटीत जास्त दिसली. ही कमाई नव्हे, हे सावकाराचे पैसे आहेत. मालकाने ते नफा समजून भागीदारांत वाटले, तर पुढच्या हप्त्याला अडचण ठरलेलीच.

देणे वाढले म्हणजे नेहमीच धोका, असे मात्र नाही. नवे कर्ज घेतले, दर वाढला किंवा व्याज देण्याची तारीख बदलली, तरीही हा आकडा वाढतो. तेव्हा वाचकांनी आधी कारण शोधावे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत यासाठी दोन वेगळी शीर्षके आहेत : 'चढलेले पण मुदत न आलेले' आणि 'चढलेले व मुदत आलेले' व्याज. आमच्या उदाहरणात मार्चचे २०,००० पहिल्यात जातात. जानेवारी-फेब्रुवारीचे ४०,००० दुसऱ्यात. पहिले नेहमीचेच, दुसरे म्हणजे थकबाकी. बँकेचे मुदतकर्ज असेल आणि थकबाकी ९० दिवसांपेक्षा जास्त राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते कर्ज अनुत्पादक ठरते.

व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांनाही ही ओळ वाचता आली पाहिजे. एखाद्या ट्रस्टमध्ये किंवा गाळ्याच्या भागीदारीत पैसे घालण्यापूर्वी किती व्याज थकले आहे, हे त्यावरून कळते. ताळेबंद मागायला संकोच करू नये. दोन वर्षांचे मागावेत आणि ही ओळ शेजारी शेजारी ठेवून पाहावी.