वही बरोबर, पेपर चूक

आमच्या इमारतीतली सातवी ते दहावीची मुलं संध्याकाळी मराठीचा गृहपाठ घेऊन माझ्याकडे बसतात. त्यांतल्या एका हुशार मुलीची वही जूनपासून बरोबरच्या खुणांनी भरली होती. सहामाहीत मात्र अपठित उतारा आणि प्रयोग, दोन्हींत तिचे गुण गेले. रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडवलेल्या स्वाध्यायाचे फोटो यायचे आणि घरची माणसं ते मायेनं तिच्यापुढे धरायची. एका फोटोत 'मुलाने आंबा खाल्ला' या वाक्यापुढे 'कर्तरी' लिहिलं होतं. तेच तिच्याही वहीत होतं.

हे वाक्य फसवं आहे. मुलगाही पुल्लिंगी, आंबाही पुल्लिंगी. क्रियापद कोणाच्या मागे चाललंय ते कळतच नाही. म्हणून मुलांना मी व्याख्या नंतर विचारते, आधी वाक्य बदलायला लावते. कर्ता बदला: मुलीने आंबा खाल्ला. क्रियापद हललं नाही. आता कर्म बदला: मुलाने कैरी खाल्ली. हललं! म्हणजे कर्मणी. मग 'मुलाने कुत्र्याला हाकलले' घ्या. मुलीने हाकलले, मांजरांना हाकलले, काहीही करा, 'हाकलले' जागचं हलत नाही, हा भावे. हे एकदा स्वतः करून पाहिलेलं मूल सहसा गोंधळत नाही.

शुद्धलेखनातही तसंच. शासनाने १९६२ साली नियम मान्य केले, १९७२ मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. ते अठराही एका बैठकीत पाठ करायला लावणं हा मुलांवर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे. गरीब–गरिबाला, फूल–फुलाला अशा जोड्या लिहायला द्या, नियम मूलच सांगेल. मग 'शरीर' पुढे ठेवा. ते 'शरिराला' लिहील, तेव्हा संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे का वागतात हे सांगायची वेळ आली.

उताऱ्याचं दुखणं वेगळं. मुलं आधी प्रश्न वाचतात, त्यातला शब्द उताऱ्यात हुडकतात आणि सापडलेलं वाक्य उतरवतात. समजा उतारा असा आहे: 'पाऊस लांबला. नदी आटली. वाड्यातल्या विहिरीला मात्र पाणी होते, म्हणून सगळा गाव तिथे यायचा.' गाव तिथे का यायचा? मुलं लिहितात, विहिरीला पाणी होते. पण नदी आटली नसती तर कोण आलं असतं? 'मात्र' आणि 'म्हणून' या दोन शब्दांवर ते उत्तर उभं आहे. म्हणून उतारा आधी मोठ्यानं वाचून घ्यावा, असे शब्द पेन्सिलनं अधोरेखित करायला लावावेत, 'ती', 'त्याने', 'तिथे' कोणासाठी आलंय ते विचारावं. उत्तर आलं की 'बरोबर' किंवा 'चूक' न म्हणता 'कुठल्या ओळीवरून?' एवढंच विचारावं. ओळ दाखवताना मूल पुष्कळदा आपलं उत्तर आपणच दुरुस्त करतं.

घाईच्या दिवशी पाचऐवजी दोनच प्रश्न होतील, होऊ द्यावेत. उरलेल्यांपुढे 'बाईंना विचारायचे' असं लिहून जागा कोरी ठेवावी. मूल कुठे अडलंय, हे बाईंना त्या कोऱ्या जागेवरूनच समजतं.