वाक्य बरोबर, अर्थ चूक

मराठवाड्यातल्या सेलूत एका जिनिंगवर हिशेब सांभाळणाऱ्या तरुणाने संभाजीनगरच्या एका कंपनीत अर्ज केला. बी.कॉम. झालेला, टॅलीवर हात बसलेला, कामाला चोख. अर्जात त्याने लिहिलं, 'आय वर्क्ड इन अ जिनिंग फॅक्टरी फॉर फोर इयर्स.' स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला : तिथलं काम का सोडलंत? सोडलंय कुठे? तो तर रजा टाकून आला होता. पण अर्जातलं 'वर्क्ड' साहेबांना सांगत होतं की काम केलं आणि संपलं. खुलासा करताना त्याची अशी त्रेधा उडाली की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी काहीतरी लपवतोय. त्याला लिहायला हवं होतं, 'आय हॅव बीन वर्किंग'. नोकरी हुकली ती तेवढ्यावरून की आणखी कशावरून, हे कंपनीने कळवलं नाही. पण मुलाखतीचा निम्मा वेळ त्या एका क्रियापदाने खाल्ला.

इंग्रजीच्या चुका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे 'डिड नॉट वेन्ट' किंवा 'वन ऑफ माय फ्रेंड' येतं. या चुका ढळढळीत दिसतात. फोन खाली लाल रेघ ओढतो, वाचणारा गालात हसतो आणि लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते समजून घेतो. 'वी डिस्कस्ड अबाउट द लोन' लिहिलं म्हणून कुणाचं कर्ज अडलेलं नाही. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको आणि 'फर्निचर'चं 'फर्निचर्स' होत नाही, एवढं एकदा पाठ केलं की तो विषय संपतो. खरं नुकसान करतं ते वाक्य, जे शाळेच्या तपासणीत पैकीच्या पैकी मार्क मिळवतं आणि भलतंच सांगतं. तिथे लाल रेघ येत नाही.

मराठवाड्यात तरी या सगळ्याचं खापर मुलांच्या डोक्यावर फोडू नये. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीतला कागद उर्दूत चालायचा आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये निघालं तेही उर्दू माध्यमाचं. सेलूतल्या अनेक घरांत पणजोबांची जुनी कागदपत्रं आजही उर्दूत सापडतील. पुण्या-मुंबईच्या पोरांनी तर्खडकरांची इंग्रजी शिकवणारी भाषांतर पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या घोकली, तशी परंपरा इथे उशिरा पोचली. पुढे 2000 मध्ये राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीला भेटायचं. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली तुकडी 2010 मध्ये दहावीला बसली. तरी अर्ज तसेच राहिले, कारण वर्षं वाढली ती वाचण्याची आणि गाईडमधली उत्तरं उतरवण्याची. मनातलं वाक्य स्वतः रचून कागदावर टाकण्याची वेळ मुलावर पहिल्यांदा येते ती बहुधा नोकरीच्या अर्जात. आणि मनातलं वाक्य मराठीच असतं.

त्यातला सगळ्यात फसवा प्रकार 'गेलो होतो'चा. 'मी काल परभणीला गेलो होतो' हे आपलं रोजचं बोलणं. ते इंग्रजीत जसंच्या तसं उतरलं की होतं, 'आय हॅड गॉन टू परभणी यस्टरडे'. इंग्रजी वाचणारा इथे थांबतो आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. गेला होतास, बरं, मग काय झालं? इंग्रजीतलं 'हॅड' एकटं येत नाही. मागे घडून गेलेल्या दोन गोष्टी असतील तर त्यातली आधीची कुठली, हे दाखवायला ते लागतं. 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड सेलू स्टेशन' इथे ते शोभतं, कारण आधी गाडी गेली आणि मागून हा पोचला. नुसतं काल परभणीला जाऊन आला असेल तर 'वेन्ट' पुरे. अर्जात 'आय हॅड कम्प्लिटेड', 'आय हॅड सबमिटेड' अशी रांग दिसली की प्रत्येक 'हॅड'पाशी विचारावं : कशाच्या आधी? उत्तर नसेल तर ते काढून टाकावं.

शब्द वगळण्याची चूक याहून बारीक आणि याहून घातक. 'मला थोडंफार टॅली येतं' असं नम्रपणे सांगायला मुलगी लिहिते, 'आय नो लिटल टॅली'. या वाक्याचा अर्थ होतो, मला टॅली जवळपास येतच नाही. 'अ लिटल' म्हणजे थोडंसं का होईना, आहे. नुसतं 'लिटल' म्हणजे नसल्यातच जमा. 'फ्यू' आणि 'अ फ्यू'चंही तेच. मराठीला 'अ', 'ॲन', 'द' यांची गरजच पडत नाही, म्हणून आपल्या माणसाला ते शोभेचे वाटतात आणि घाईत गळतात. बाकी ठिकाणी गळले तर वाक्य फार तर लंगडं होतं. इथे मात्र होकाराचा नकार होतो.

उलट गंमत 'जोपर्यंत'ची. 'जोपर्यंत मी येत नाही तोपर्यंत कागद पाठवू नका' यात आपण 'नाही' घालतो आणि ते मराठीला शोभतंही. इंग्रजीतलं 'अंटिल' तो नकार स्वतःच्या पोटात घेऊन येतं. त्यामुळे 'अंटिल आय डू नॉट कम' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात गुंता होतो. 'अंटिल आय कम' एवढंच लिहावं. 'जरी… तरी'ही असंच दुहेरी : 'ऑल्दो' लिहिल्यावर पुढे 'बट' नको, दोघांपैकी एकच गडी पुरे.

त्याचा-तिचाची गल्लत तर भल्याभल्यांची होते. 'त्याची बहीण'मधली 'ची' कानाला बायकी लागते आणि हात 'हर सिस्टर' लिहून जातो. मराठीत 'त्या' की 'ति' यावरून मालक कळतो आणि शेवटच्या चा-ची-चेवरून वस्तू. इंग्रजीत फक्त मालक बघायचा, वस्तू कुठलीही असो. वारसाच्या अर्जात किंवा विम्याच्या दाव्यात 'हिज'चं 'हर' झालं तर वाचणारा कारकून कागदात नसलेली बाई शोधत बसतो. फोनही इथे काही बोलत नाही, कारण त्याच्या लेखी 'हर सिस्टर' हे बिनचूक इंग्रजी आहे.

रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक घ्यावं का, असं पुष्कळ जण विचारतात. पुस्तक उत्तम आहे, पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, दिवसभर काम करणाऱ्या माणसाने ते पहिल्या पानापासून सुरू केलं तर तो नामाच्या प्रकारांतच अडकून पडतो. त्याऐवजी स्वतःचे जुने अर्ज आणि मेल काढून बसावं. बहुतेकांच्या चुका चार-पाचच असतात आणि त्याच फिरून फिरून येतात. त्या वहीच्या मागच्या पानावर टिपाव्यात आणि पुढचा अर्ज फक्त त्यांच्यासाठी एकदा वाचावा. पहिल्या वाचनात नुसती क्रियापदं बघायची : हे काम संपलंय की चालू आहे? ज्याला आपल्या कामाची काही माहिती नाही अशा मित्राला वाक्य वाचायला देऊन 'यातून तुला काय कळलं, मराठीत सांग' असं विचारणं तर फारच उपयोगी. जिनिंगवरच्या त्या तरुणाला मित्राने एका क्षणात सांगितलं असतं, 'म्हणजे तू सोडलंस की काय?' आणि जिथे काळाबद्दल जराही शंका असेल तिथे तारीख घालावी. 'फ्रॉम जून 2021 टू द प्रेझेंट' यात चुकायला जागाच नाही.

सूर चुकतो तोही याच वाटेने. 'कृपया कळवावे' हे मराठीत अदबीचं. त्यातल्या 'वे'चं भाषांतर 'शुड' असं शाळेत शिकवलेलं, म्हणून मेलमध्ये येतं, 'यू शुड इन्फॉर्म मी'. साहेबाला तो उपदेश वाटतो आणि 'मस्ट' लिहिलं असेल तर हुकूम. 'प्लीज लेट मी नो' किंवा 'कुड यू प्लीज इन्फॉर्म मी' लिहिलं की काम भागतं. शंका विचारताना 'आय हॅव अ डाउट' आपल्याकडे सगळे लिहितात आणि भारतात ते खपतंही. परदेशातल्या ग्राहकाला मात्र तुमचा त्याच्यावर विश्वास नाही असं वाटू शकतं. तिथे 'आय हॅव अ क्वेश्चन' बरं.

आणि नकारार्थी प्रश्न. 'हॅवन्ट यू पेड द फी?' असा मेल आला आणि फी भरली नसेल, तर आपला माणूस सरळ लिहितो 'येस', मनात 'हो, नाही भरली' असं म्हणत. इंग्रजीत त्या 'येस'चा अर्थ होतो, भरली. ऑफिस निर्धास्त होतं, मुदत निघून जाते आणि नंतर दोन्ही बाजू एकमेकांचे मेल काढून दाखवतात. अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊच नये. 'आय हॅव नॉट पेड इट येट. आय विल पे इट बाय फ्रायडे,' असं पूर्ण लिहावं.