बिनशब्दांचे गाऱ्हाणे

भजनाची चाल ठरलेली असते. पण बुवा रंगात आले म्हणजे तीच ओळ दहा तऱ्हांनी घोळवतात. त्यातले पुष्कळसे त्यांना गाता गाताच सुचते. याला उपज म्हणतात. अशा उपजेतून सरकारपुढे गाऱ्हाणेही मांडता येते का? अमेरिकेतली एक गोष्ट पाहू.

जिमी हेंड्रिक्स हा तिथला काळा गिटारवादक. जन्म १९४२ चा. तो काही काळ सैन्यात होता. विमानातून छत्री बांधून उड्या घ्यायला शिकला होता. सैन्य सोडल्यावर गिटारवर पोट भरू लागला. त्याची गिटार विजेवर चालणारी होती.

१९६९ साली अमेरिकेचे पाच लाखांच्या आसपास सैनिक दूर व्हिएतनाममध्ये लढत होते. तिथल्या खेड्यांवर बाँब पडत होते. इकडे तरण्या पोरांची सक्तीने भरती चालू होती.

त्या साली ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यात, बेथेल गावच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात मोठा जलसा भरला. त्याचे नाव वुडस्टॉक. चार लाखांवर माणसे आली. पावसाने नुसता चिखल. १८ तारखेला, सोमवारी सकाळी, हेंड्रिक्सची पाळी आली तेव्हा बरेच लोक घरी गेले होते. वाजवता वाजवता त्याने देशाचे राष्ट्रगीत धरले. ते तो आधीही वाजवत असे, पण दर वेळी निराळे.

त्या गीताच्या शब्दांत लढाईतले अग्निबाण आणि बाँब येतात. नेमके तिथे त्याने चाल सोडली. सभेत माईक कर्ण्याजवळ नेला की कर्णा कसा किंचाळतो? तसा आवाज त्याने मुद्दाम काढला आणि गिटारची छोटी दांडी दाबून वरखाली नाचवला. ऐकणाऱ्यांना त्यात विमाने ऐकू आली, बाँब ऐकू आले, माणसांचा आकांत ऐकू आला. पुढे सैनिकाच्या अंत्यविधीला बिगुलावर वाजवतात ते सूर आले. मग चाल पुन्हा ठिकाणावर. सारा खेळ पावणेचार मिनिटांचा. तोंडाने एक शब्द नाही.

पुष्कळांना हा राष्ट्रगीताचा अपमान वाटला. पुढे टेलिव्हिजनवर त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की मी अमेरिकन आहे, शाळेत हे गीत म्हणत होतो, मला तर ते सुंदर वाटले. निषेध केला, असे काही तो तिथे म्हणाला नाही. आम्हाला वाटते, म्हणायची गरजही नव्हती. गीत त्याच्याच देशाचे, आणि बाँबही त्याच्याच देशाचे होते.

लढाई १९७५ साली संपली. हेंड्रिक्स ते पाहायला राहिला नाही. १९७० सालीच, सत्तावीस वर्षांचा असताना, तो लंडनमध्ये वारला.